कॅमेरा आणि ऑब्जेक्ट ट्रॅक कंपोझिटिंगमध्ये आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, वाई, कोरेगाव, कराड या पट्ट्यात स्वतःच शूट करून घरच्याच मशीनवर व्हीएफएक्स करणारी बरीच मंडळी आहेत. कुणी किल्ल्यावरचा मोबाइल टॉवर पुसतंय, कुणी पडक्या तटाला बुरूज चढवतंय, कुणी लग्नाच्या टीझरमध्ये नवरा-नवरीची नावं डोंगरावर उभी करतंय. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ब्लेंडरमध्ये ट्रॅक (फुटेजवरून काढलेली कॅमेऱ्याची किंवा वस्तूची हालचाल) झकास बसतो आणि आफ्टर इफेक्ट्स, न्यूक नाहीतर फ्युजन अशा कंपोझिटिंगच्या, म्हणजे चित्रांचे थर एकत्र करायच्या, सॉफ्टवेअरमध्ये नेला की विस्कटतो. ट्रॅकिंग कसं करायचं ते इथे नाही. ट्रॅक झाल्यावर पुढे काय, तेवढंच आहे.

इम्पोर्ट केल्यावर नेमकं काय येतं?

प्रत्येक फ्रेमला कॅमेरा कुठे होता, कोणत्या कोनात वळला होता आणि त्याला किती रुंद दिसत होतं, एवढंच. जोडीला ट्रॅक केलेल्या बिंदूंचे नल किंवा लोकेटर (नुसती जागा दाखवणाऱ्या खुणा) येतात. व्हिडिओ येत नाही. लेन्सची वक्रता बहुतेक वेळा येत नाही. फ्रेम रेट काही फॉरमॅटमध्ये येतो, काहींत नाही.

इथेच सगळं पाणी मुरतं. फाइलमधले आकडे सहसा बरोबर असतात. पण सेन्सरची रुंदी किती धरली, फ्रेम रेट काय होता, रिझोल्युशन कुठलं, पहिली फ्रेम शून्य की एक, लेन्स सरळ करून ट्रॅक केलं की तसंच, ही गृहीतं फाइलबरोबर निघत नाहीत, मागेच राहतात. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ हेच आहे.

फॉरमॅट कुठला घ्यावा? मित्र एफबीएक्स म्हणतो, यूट्यूबवर अलेंबिक म्हणतात.

न्यूक किंवा फ्युजन असेल तर अलेंबिक. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि लुकासफिल्म यांनी २०१० मध्ये तो जाहीर केला, तोच मुळी या हेतूने की समोरच्याला शिजलेलं अन्न द्यायचं: रिग नाही, कन्स्ट्रेंट नाही, दर फ्रेमला तयार आकडा. कॅमेऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

एफबीएक्स सगळीकडे चालतो. मूळचा माँट्रियलच्या कायडारा कंपनीच्या फिल्मबॉक्सचा, आता ऑटोडेस्कचा. त्यात टेक (हालचालीच्या आवृत्त्या), एककं, डिफॉल्ट कॅमेरे असा पसारा फार, म्हणून घोळही तिथेच जास्त. यूएसडी पिक्सारने २०१६ मध्ये खुला केला. मोठ्या सीनसाठी उत्तम, पण एकट्या कॅमेऱ्यासाठी एवढी यंत्रणा उभी करायची गरज नाही.

आफ्टर इफेक्ट्ससाठी सगळ्यात बिनधोक वाट म्हणजे ब्लेंडरच्या ॲड-ऑनमधून निघणारी जेएसएक्स स्क्रिप्ट. ती फाइल मेनूतल्या स्क्रिप्ट्समधून चालवायची. आयात करायची नाही, चालवायची. अनेकजण ती फुटेजसारखी ओढून टाकतात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. ब्लेंडर ४.२ पासून पूर्वी सोबत येणारे बरेच ॲड-ऑन एक्स्टेन्शन म्हणून वेगळे उतरवून घ्यावे लागतात. तुमच्या मेनूत जेएसएक्सचा पर्यायच दिसत नसेल तर आधी तिकडे बघा.

मग आफ्टर इफेक्ट्सचाच थ्रीडी कॅमेरा ट्रॅकर का नको?

नको कोण म्हणतंय? २०१२ च्या सीएस६ पासून तो आत आहे, आणि साध्या शॉटला तो वापरून मोकळं व्हावं. इम्पोर्टची भानगडच उरत नाही. फक्त तो आपल्या मर्जीने बिंदू निवडतो; नको ते खोडता येतात, हवे ते हाताने लावता येत नाहीत. समोरून वऱ्हाड जातंय, मागे गवत हलतंय आणि स्थिर असे चारच दगड आहेत, असा शॉट आला की तो हात टेकतो. तेव्हा ब्लेंडर किंवा सिंथआइज हे खास ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर.

चॅन फाइल म्हणजे काय? ती उघडून बघता येते का?

येते, आणि बघावीच. न्यूकच्या जगातली ही अगदी गरीब फाइल. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एका फ्रेमला एक ओळ, अशी (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे असतात):

१०१  २.४१३  १.६०२  −७.८८१  −४.२  १७३.५  ०.३  ३२.२७

पहिला आकडा फ्रेमचा. पुढचे तीन कॅमेऱ्याची जागा: आडवी, उभी, खोलीची. त्यापुढचे तीन वळण अंशांत. शेवटचा दृष्टिकोन, म्हणजे कॅमेऱ्याला किती अंश दिसतं ते, आणि तोही उभा. इथे कॅमेरा जमिनीपासून १.६०२ वर आहे. एकक मीटर धरलं असेल तर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे हातात धरून केलेला शॉट. तुम्ही ड्रोनने शूट केलं असेल आणि इथे दीड दिसत असेल तर स्केल लावायचं राहिलंय, हे फाइल उघडल्या उघडल्या कळतं.

दोन खोड्या लक्षात ठेवा. एक, रोटेशन ऑर्डर (तीन वळणं कोणत्या क्रमाने लावायची) फाइलमध्ये लिहिलेली नसते. काढताना जी होती तीच न्यूकमध्ये ठेवावी लागते. दोन, दृष्टिकोन उभा असल्याने न्यूक त्यावरून फोकल लेंग्थ काढताना स्वतःच्या कॅमेऱ्याचं उभं ॲपर्चर (इथे सेन्सरची उंची, भिंगाचं छिद्र नव्हे) धरतो. डिफॉल्टला ते १८.६७२ असतं आणि आडवं २४.५७६. तुमचा फुल फ्रेम कॅमेरा १६ बाय ९ मध्ये असेल तर हवेत ३६ आणि २०.२५. हे आधी भरा, मग चॅन फाइल घ्या. न भरताच घेतलीत तर ३५ ची लेन्स ३२ ची होऊन बसेल आणि वरच्या उदाहरणात ५४ अंशांचा आडवा दृष्टिकोन ४२ वर येईल.

इम्पोर्ट झालं, पण कॅमेरा जागचा हलत नाही.

न्यूकमध्ये एफबीएक्स असेल तर दहापैकी नऊ वेळा चुकीचा कॅमेरा निवडलेला असतो. एफबीएक्समध्ये तुमच्या कॅमेऱ्याबरोबर 'प्रोड्यूसर पर्स्पेक्टिव्ह' वगैरे नावाचे बिनकामाचे कॅमेरेही येतात आणि यादीत ते आधी दिसतात. टेकचंही तसंच. दोन्ही खाली ओढून आपलं नाव निवडा. मूळ कॅमेऱ्याला 'कॅमेरा ००१' न ठेवता 'मेणवली_शॉट_०४' असं नाव दिलं असतं तर ही शोधाशोध झाली नसती. (फाइलनावात मात्र देवनागरी नको, इंग्रजी अक्षरंच ठेवा, सगळी सॉफ्टवेअर ती मुकाट्याने वाचत नाहीत.)

आफ्टर इफेक्ट्समध्ये वेगळं. तिथे टाइमलाइनवर सगळ्यात वर असलेला चालू कॅमेराच राज्य करतो. आधीचा एखादा कॅमेरा वर राहिला असेल तर तुमचा बिचारा खाली हलत असतो आणि कुणी बघत नसतं. तसंच ज्या लेयरला थ्रीडीची खूण नाही त्याला कॅमेऱ्याशी देणंघेणं नाही.

ब्लेंडरमधून काढताना कॅमेऱ्याची हालचाल सॉल्व्हर कन्स्ट्रेंटमधून (ट्रॅकचा हिशेब कॅमेऱ्याला जोडणारा दुवा) येत असते. 'कन्स्ट्रेंट टू एफ-कर्व्ह' दाबून ती खऱ्या कीफ्रेममध्ये उतरवून घेतलेली बरी.

बुरूज सुरुवातीला चपखल बसतो आणि शॉट संपेपर्यंत हातभर सरकतो. का?

कसा सरकतो ते बघा, त्यात उत्तर असतं. घाईने ट्रॅक पुन्हा करायला बसू नका.

हळूहळू, सारखा वाढत सरकत असेल तर फ्रेम रेट. २५ चं फुटेज २४ च्या कंपोझिशनमध्ये पडलं की दहा सेकंदांत दहा फ्रेमचा फरक पडतो. २९.९७ आणि ३० मधला फरक जास्त फसवा: हजार फ्रेमला एकच फ्रेम, त्यामुळे छोट्या शॉटमध्ये कळतच नाही आणि लांब शॉटमध्ये भूत शिरल्यासारखं वाटतं.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच पुढेमागे असेल, आणि कॅमेरा थांबला की बरोबर, कॅमेरा हिसका मारतो तेव्हाच चुकीचा, तर पहिली फ्रेम चुकलीय. ब्लेंडर एकपासून मोजतो, आफ्टर इफेक्ट्स शून्यापासून, आणि स्टुडिओंमध्ये १००१ पासून मोजायची पद्धत आहे. एका फ्रेमचा फरक स्थिर शॉटमध्ये दिसत नाही, गाडीतून घेतलेल्या शॉटमध्ये डोळ्यात खुपतो. तपासायला सोपं: जिथे धक्का सर्वात जोरात बसलाय ती फ्रेम फुटेजमध्ये शोधा आणि कॅमेऱ्याच्या कर्व्हवर तेच शिखर कुठे आहे ते बघा. दोन्ही एकाच आकड्यावर हवेत.

मध्येच थोडा वेळ सरकून पुन्हा जागेवर येत असेल तर डेटा निर्दोष नाही, ट्रॅकच त्या भागात कच्चा आहे. आणि कुठेही, कसाही, बेभरवशाचा सरकत असेल तर फुटेज फोनचं आहे का ते विचारा. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. ब्लेंडर एक प्रकारे फ्रेम मोजतो, आफ्टर इफेक्ट्स दुसऱ्या, आणि दोघांची ५०० वी फ्रेम वेगळी निघते. उपाय एकच: ट्रॅकिंगच्या आधी क्लिप ठरलेल्या फ्रेम रेटच्या इमेज सिक्वेन्समध्ये बदलायची आणि दोन्हीकडे तीच सिक्वेन्स वापरायची. डिस्क भरते खरी. भरू द्या.

मध्यभागी सगळं नीट आहे, कडेला घसरतं.

हा लेन्सचा किंवा सेन्सरचा मामला. फोकल लेंग्थ एकटी काही सांगत नाही. ती किती रुंद सेन्सरसमोर आहे यावर दृष्टिकोन ठरतो. ३५ मिमी लेन्स ३६ मिमी रुंदीच्या फुल फ्रेमवर सुमारे ५४ अंश बघते, तीच सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर, म्हणजे २३.५ मिमीवर, सुमारे ३७ अंश. ट्रॅकरमध्ये एक रुंदी आणि कंपोझिटिंगमध्ये दुसरी असेल तर मधला भाग कसाबसा जमतो, कडा सुटतात.

आफ्टर इफेक्ट्सला मिलिमीटरशी फारसं घेणं नाही, त्याला झूम पिक्सेलमध्ये लागतो. हिशेब सोपा: कंपोझिशनची रुंदी गुणिले फोकल लेंग्थ भागिले सेन्सरची रुंदी. १९२० च्या कॉम्पमध्ये वरची लेन्स फुल फ्रेमवर १८६६.६७ देते, एपीएस-सीवर २८५९.५७. इम्पोर्ट झाल्यावर कॅमेऱ्याचा झूम बघा आणि कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा. फ्युजनमध्ये ॲपर्चर इंचांत असतं, तिथे ३६ च्या जागी १.४१७ हवं. सरळ ३६ टाकलंत तर कॅमेऱ्याला जवळपास मागचंही दिसायला लागेल.

फोनने शूट केलंय. सेन्सरची रुंदी कुठून आणू?

शोधत बसू नका. फोनच्या जाहिरातीतली '२४ मिमी' ही फुल फ्रेमशी तुलना करून सांगितलेली असते, त्यामुळे सेन्सर ३६ मानून तिथून सुरुवात करायची आणि फोकल लेंग्थ ट्रॅकरलाच शोधू द्यायची. व्हिडिओत फोन कडा कापतो, म्हणून उत्तर २४ पेक्षा मोठं येतं, घाबरू नका. महत्त्वाचं एवढंच की जी जोडी ट्रॅकरने दिली तीच पुढे जशीच्या तशी न्यायची. ३६ आणि २७.४ ही जोडी. त्यातला एक आकडा 'दुरुस्त' केला की दुसरा खोटा ठरतो.

शूटच्या आधी मात्र तीन गोष्टी: स्टॅबिलायझेशन बंद, लेन्स एकच लॉक, एक्स्पोजर लॉक. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन दर फ्रेमला चित्र वेगळ्या जागी कापतं. म्हणजे लेन्सचा मध्य दर फ्रेमला हलतो, आणि कुठल्याही फॉरमॅटची कॅमेरा फाइल ते सांगू शकत नाही.

आफ्टर इफेक्ट्समध्ये आणलेला किल्ला उलटा लटकतोय.

प्रत्येक सॉफ्टवेअरचं 'वर' वेगळं. ब्लेंडरमध्ये झेड वर, माया आणि न्यूकमध्ये वाय वर, आफ्टर इफेक्ट्समध्ये वाय खाली आणि झेड पडद्याच्या आत. चांगला एक्स्पोर्टर हे स्वतः बदलतो. तुम्ही आकडे हाताने नेत असाल तर न्यूकमधून आफ्टर इफेक्ट्सकडे जाताना एक्स तसाच, वाय आणि झेड उलट्या चिन्हाने. ब्लेंडरमधून न्यूककडे: एक्स तसाच, झेडचा वाय होतो, वायचा उणे झेड.

एक सल्ला. कॅमेरा वळवून ठेवू नका आणि मग बिंदू वळवून त्याच्याशी जमवू नका. कॅमेरा, बिंदू, जमीन सगळं एका नलखाली बांधा आणि तो नल एकदाच वळवा. असं केलं की पंधरा दिवसांनी प्रोजेक्ट उघडल्यावरही कळतं काय केलं होतं ते.

ट्रॅक १०८० वर केला, फायनल ४के मध्ये द्यायचंय.

आफ्टर इफेक्ट्समध्ये थ्रीडी कॅमेरा असेल तर कॉम्प दुप्पट करा आणि फक्त झूम दुप्पट करा. पोझिशनला हात लावू नका. ती जागतिक एककांत आहे, पिक्सेलचा तिथे संबंध नाही. न्यूकमध्ये तेही करावं लागत नाही, कारण तिथे दृष्टिकोन मिलिमीटरवरून निघतो. कॉर्नर पिन (चित्र चार कोपऱ्यांवर ताणून बसवणं) आणि टूडी ट्रॅक मात्र निव्वळ पिक्सेल असतात, त्यांचे सगळे आकडे दुप्पट. आणि एक बघून घ्या: १०८० ची प्रॉक्सी (कामापुरती हलकी प्रत) १६ बाय ९ आणि मूळ क्लिप १७ बाय ९, असं तर नाही ना? असेल तर दुप्पट करून काही जुळणार नाही, प्रॉक्सी नव्याने काढा.

लेन्स डिस्टॉर्शनचं काय करायचं? ट्रॅकरमध्ये सरळ केली होती, इकडे पुन्हा वाकडी.

कॅमेरा फाइलमधला कॅमेरा आदर्श असतो, त्याच्या रेषा सरळ. खऱ्या लेन्सच्या नसतात. वाइड लेन्सने अजिंक्यताऱ्याचा तट घेतला की कडेला तो वाकलेला दिसतोच. म्हणून क्रम असा: प्लेट (शूट केलेलं मूळ चित्र) सरळ करायची, त्यावर ट्रॅक, त्यावर थ्रीडी बसवून बघायचं, आणि शेवटी प्लेट पुन्हा मूळचीच घेऊन थ्रीडीला लेन्सइतकंच वाकवायचं. अनेकजण शेवटची पायरी गाळतात आणि सरळ केलेली प्लेटच फायनल म्हणून देतात. त्यात चित्र एकदा ताणलं जाऊन मऊ पडतं, आणि आजूबाजूच्या शॉटशी जुळत नाही. एडिटरच्या लगेच लक्षात येतं.

वाकवताना कडेला रिकामी जागा पडू नये म्हणून थ्रीडी थोडं मोठं रेंडर करावं लागतं. दहा टक्के धरले तर १९२० चे २११२, १०८० चे ११८८, आणि कॅमेऱ्याचं ॲपर्चरही त्याच प्रमाणात, ३६ चं ३९.६. फ्रेम वाढवली आणि ॲपर्चर विसरलं तर सगळं दहा टक्के मोठं दिसेल.

ट्रॅकरमधून वक्रता न्यायची सर्वात भरवशाची रीत म्हणजे एसटी मॅप: लाल आणि हिरव्या रंगांत प्रत्येक पिक्सेल कुठून उचलायचा ते लिहिलेलं एक चित्र. ते ३२ बिट फ्लोट ईएक्सआरमध्येच साठवा. १६ बिटमध्ये चित्राच्या उजव्या आणि वरच्या अर्ध्या भागात आकड्याची सर्वात बारीक पायरी १/२०४८ असते. ३८४० रुंदीला ते जवळपास दोन पिक्सेल झाले. मग रेषा जिन्यासारख्या तुटतात आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो. रंगाचं व्यवस्थापनही या चित्राला लागू करायचं नाही, हा डेटा आहे.

बैलगाडीवर तोफ ठेवायची आहे. गाडी चालतेय आणि कॅमेराही.

हा खरा ऑब्जेक्ट ट्रॅक, आणि मजा इथेच आहे. दोन सॉल्व्ह (बिंदूंवरून हालचाल काढायचे हिशेब) लागतात: रस्ता, झाडं, दगड यांवरून कॅमेऱ्याचा, आणि फक्त गाडीच्या साटीवरच्या बिंदूंवरून गाडीचा. चाक नको, ते फिरतं. जू नको, ते बैलांच्या मानेबरोबर डोलतं. ऊस भरलेला असेल तर तोही नको. जी वस्तू वाकत-झुलत नाही तेवढीच धरायची. साटीच्या फळ्या सपाट आणि एकसारख्या असतात, म्हणून शूटच्या आधी वेगवेगळ्या उंचीवर टेपचे तुकडे चिकटवून ठेवा. नंतर तोफेखाली झाकले जातील असे.

आता मुख्य अडचण. ट्रॅकरला गाडी जवळची आणि छोटी आहे की लांबची आणि मोठी, हे चित्रावरून कळत नाही. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखेच दिसतात. त्यामुळे इम्पोर्ट केल्यावर तोफ गाडीवर अगदी पक्की बसलेली दिसते आणि तुम्ही खूश होता. मग सावली टाकता, आणि ती रस्त्यावर पडायच्या ऐवजी हवेत किंवा जमिनीच्या पोटात जाते. वरून बघितलं तर गाडी रस्त्याने न जाता कॅमेऱ्याबरोबर तरंगत असते.

हे ट्रॅकरमध्येच दुरुस्त करायचं. ब्लेंडरमध्ये ट्रॅकिंग ऑब्जेक्टला स्केलचा स्वतंत्र रकाना आहे. दोन्ही चाकं जमिनीला जिथे टेकतात तिथे नल ठेवा आणि ते नल रस्त्याच्या पातळीला येईपर्यंत स्केल बदला. एका फ्रेमवर जमवा, मग शेवटच्या फ्रेमवर तपासा. कंपोझिटिंगमध्ये आल्यावर गाडीचा नल पुढेमागे ओढून हे जमत नाही, कारण अंतर मोजायचं ते कॅमेऱ्यापासून आणि कॅमेरा स्वतःच चालतोय.

एक्स्पोर्ट करताना कॅमेरा आणि ऑब्जेक्ट एकाच फाइलमध्ये काढा. वेगवेगळे काढले की एकाचं एकक मीटर आणि दुसऱ्याचं सेंटिमीटर निघायला वेळ लागत नाही; एफबीएक्समध्ये तर शंभरपट फरक नेहमीचाच. सगळा सीन एकत्र शंभरपट मोठा असेल तर चित्रात काही फरक पडत नाही. अर्धा मोठा असेल तर पडतो.

चाळकेवाडीच्या पवनचक्कीच्या पात्यावर नाव लिहायचंय.

कॅमेरा स्टँडवर असेल तर थ्रीडी डोक्यातून काढा. मधला बिंदू आणि पात्याचं टोक, दोन बिंदूंचा टूडी ट्रॅक, त्यातून पोझिशन आणि रोटेशन. समोरून घेतलेल्या शॉटला एवढं पुरतं. तिरक्या बाजूने घेतला असेल तर टोक गोल न फिरता लंबवर्तुळात फिरतं. तेव्हा थ्रीडीमध्ये एक चकती तेवढीच तिरकी ठेवून फक्त तिचा कोन पात्याशी जुळवत जा. वारा सारखा असेल तर सुरुवातीला आणि शेवटाला कीफ्रेम देऊन मध्ये चार-दोन ठिकाणी सुधारलं की झालं.

त्याच पठारावर कॅमेरा ट्रॅक करताना मात्र फिरती पाती मास्क करून टाका. ट्रॅकर आपणहून त्यांच्या कडांना जाऊन चिकटतो. तिथला वारा स्टँडही हलवतो, म्हणून 'स्टँडवरचा शॉट आहे, ट्रॅक कशाला' असं समजू नका.

दुकानाची पाटी बदलायची आहे. कॅमेरा ट्रॅक करू की कॉर्नर पिन?

सपाट पाटी, एकच शॉट: मोका या ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॅनर (सपाट पृष्ठभागाचा) ट्रॅक आणि चार कोपऱ्यांचा कॉर्नर पिन. कॅमेरा सॉल्व्ह करणं म्हणजे विनाकारण लांबचा फेरा. मोकातून आफ्टर इफेक्ट्सला कीफ्रेम क्लिपबोर्डवरूनही जातात. चिकटवताना प्लेहेड शॉटच्या पहिल्या फ्रेमवर हवं, कारण कीफ्रेम जिथे उभे आहात तिथून पुढे पडतात. न्यूकसाठी वेगळा पर्याय निवडा. आफ्टर इफेक्ट्स वरून खाली मोजतो, न्यूक खालून वर, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्यात टाकले की पाटी आरशात बघितल्यासारखी खालीवर होते.

मेणवलीच्या घाटावर ट्रॅक टिकत नाही.

पायऱ्या. सगळ्या एकसारख्या. ट्रॅकर एका पायरीची कड सोडून शेजारचीवर उडी मारतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. नमुन्याची चौकट मोठी घ्या, म्हणजे दगडावरचा डाग किंवा फुटलेला कोपरा आत येईल. कृष्णेच्या पाण्यावरचे आणि प्रतिबिंबातले सगळे बिंदू खोडा. पायऱ्यांचा फायदाही आहे: एका पायरीची उंची टेपने मोजून आणलीत तर स्केल आणि जमिनीची पातळी दोन्ही फुकटात मिळतात.

कास पठारावर उलट. उभं काहीच नाही, फुलं वाऱ्याने हलतात, त्यात धुकं. सड्याचा उघडा कातळ दिसेल अशी फ्रेम घ्या. आणि मार्कर रोवायला म्हणून वाटेच्या आत शिरू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी फुलं तुडवून कसला शॉट करायचा.

कॅमेरा मध्येच एका फ्रेमला गरकन फिरतो.

कोन १७९ वरून उणे १७९ वर गेला. दिशा जवळपास तीच, पण मोशन ब्लर चालू केला की सॉफ्टवेअर मधले ३५८ अंश भरून काढतं. ब्लेंडरच्या ग्राफ एडिटरमध्ये ऑयलर फिल्टर लावून मग एक्स्पोर्ट करा.

मोशन ब्लर जुळत नाही.

शटर बघा. २५ फ्रेमला १/५० म्हणजे १८० अंश. कासच्या उन्हात फोनने १/२००० घेतलं असेल तर ३६० गुणिले २५ भागिले २००० म्हणजे साडेचार अंश. प्लेटमध्ये ब्लरच नाही, थ्रीडीलाही देऊ नका. दुसरं, ब्लरचा मध्य. आफ्टर इफेक्ट्समध्ये १८० ला शटर फेज उणे ९० ठेवली की ब्लर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना सारखा पडतो. न्यूकच्या स्कॅनलाइन रेंडरमध्ये ऑफसेट 'स्टार्ट'वर असेल तर तो पाव फ्रेम पुढे जातो. वेगवान शॉटमध्ये ट्रॅक चुकल्याचा भास होतो तो यामुळे.

स्टँडवरून नुसता पॅन आहे. बिंदू सगळे चित्रविचित्र अंतरावर येतात.

येणारच. कॅमेरा जागेवरून हलला नाही तर जवळ-लांब कळायला काही मार्गच नाही. ट्रॅकरमध्ये 'ट्रायपॉड' पर्याय निवडा. फाइलमध्ये फक्त वळण येईल. आभाळ बदलणं, लांबच्या डोंगरावर वाडा ठेवणं याला ते पुरेसं आहे. अंतर तुमच्या सोयीने धरा.

ट्रॅक थरथरतो. कर्व्ह स्मूथ करू का?

नको. हात हलला होता म्हणून कॅमेरा हलला होता. कर्व्ह गुळगुळीत केला की प्लेट थरथरत राहते आणि बुरूज शांत उभा राहतो. वाईट बिंदू शोधून काढा आणि पुन्हा सॉल्व्ह करा. सॉल्व्ह एररची सरासरी ०.३ आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका. पन्नास चांगल्या बिंदूंच्या गर्दीत दोन बिघडलेले बिंदू लपतात, आणि तुमचा बुरूज नेमका त्यांच्याजवळ असतो.

दुसऱ्याकडे कंपोझिटिंगला पाठवायचंय. काय काय द्यायचं?

कॅमेरा फाइल, ज्यावर ट्रॅक केला ती इमेज सिक्वेन्स, एसटी मॅप दोन्ही दिशांचे (सरळ करणारा आणि वाकवणारा), जमिनीवर चौकटी टाकून केलेला एक तपासणी व्हिडिओ, आणि एक साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात: कॅमेरा, लेन्स, सेन्सरची धरलेली रुंदी-उंची, फ्रेम रेट, पहिली आणि शेवटची फ्रेम, रिझोल्युशन, एकक, वरचा अक्ष, रोटेशन ऑर्डर, ट्रॅक सरळ केलेल्या प्लेटवर आहे की मूळ. शूटच्या वेळी मोजलेलं एखादं अंतर असेल तर तेही, 'खालून तिसरी पायरी' असं ठिकाण सांगून. समोरच्याचा फोन आला नाही तर समजा बसलं.